परक्या घरातले प्रदर्शन : ‘द अनफिल्टर्ड हिस्टरी टूर’ या डिजिटल मोहिमेची समीक्षा

१. प्रस्तावना

जाहिरात आणि जनसंज्ञापन शिकताना विद्यार्थ्यांच्या हाती बहुधा दोन प्रकारचे साहित्य येते : मोठ्या एजन्सींचा इतिहास आणि पुरस्कार मिळालेल्या मोहिमांच्या याद्या. कविता किंवा चित्रपट जसा बारकाईने वाचतो, त्याचे गुणदोष मांडतो, तशी मोहीम कशी वाचावी हे मात्र फारसे शिकवले जात नाही. डिजिटल कामाच्या बाबतीत ही उणीव अधिक जाणवते. पुस्तक ग्रंथालयात राहते, जुनी छापील जाहिरात वर्तमानपत्राच्या फायलीत सापडते. डिजिटल काम आज सगळ्यांच्या फोनवर असते आणि चार वर्षांनी शोधू म्हटले तर मिळत नाही.

या पाठात आपण एकच काम निवडले आहे. ‘द अनफिल्टर्ड हिस्टरी टूर’ ही मोहीम बेंगळुरूच्या देन्त्सू वेबचटणी या डिजिटल एजन्सीने ‘व्हाइस वर्ल्ड न्यूज’ या वृत्तसंस्थेसाठी केली आणि २०२१च्या अखेरीस ती लोकांसमोर आली. लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला ती एक प्रश्न विचारते : ही वस्तू कुणाची, आणि ती कुणाच्या जागेत उभी आहे? प्रस्तुत समीक्षेचे म्हणणे असे की हाच प्रश्न त्या मोहिमेलाही विचारला पाहिजे. तो विचारल्याशिवाय तिचे मोल ठरत नाही.

२. काम नेमके काय होते?

ब्रिटिश म्युझियमची स्थापना १७५३ची. जगभरातून तेथे गेलेल्या वस्तूंपैकी अनेकींमागे युद्ध, दडपण किंवा वसाहती सत्ता आहे. या मोहिमेने अशा दहा वस्तू निवडल्या. त्यांत इजिप्तची रोझेटा शिला, ग्रीसची पार्थेनॉनची शिल्पे, आजच्या नायजेरियातून १८९७च्या लष्करी मोहिमेत लुटलेली बेनिनची ब्राँझ शिल्पे, ईस्टर बेटावरचा भव्य दगडी पुतळा, ऑस्ट्रेलियाच्या आदिवासींची ढाल आणि आंध्र प्रदेशातील अमरावतीच्या स्तूपाची शिल्पे होती.

प्रेक्षकाने म्युझियममध्ये जायचे, वस्तूसमोर उभे राहायचे आणि इन्स्टाग्रामवरचा फिल्टर सुरू करून फोनचा कॅमेरा वस्तूवर धरायचा. फिल्टर म्हणजे कॅमेऱ्यातून दिसणाऱ्या दृश्यावर संगणकीय चित्र चढवणारी सोय. चेहऱ्यावर कुत्र्याचे कान चढवणारे फिल्टर आपण सर्वांनी पाहिले आहेत. येथे तीच सोय वापरून त्या वस्तूभोवती ती कशी नेली गेली याचे चित्र उमटत असे, आणि जेथून वस्तू नेली तेथल्या माणसांच्या आवाजात तिची हकिकत ऐकू येत असे. लंडनला न जाणाऱ्यांसाठी संकेतस्थळ आणि ध्वनिमालिकाही होती. म्युझियमची परवानगी घेतलेली नव्हती. ‘अनधिकृत सफर’ हीच या कामाची ओळख होती.

जून २०२२मध्ये फ्रान्समधील कान्स येथील जाहिरात महोत्सवात या कामाला तीन ग्रां प्री आणि एक टायटॅनियम लायन मिळाले. त्याच वर्षी देन्त्सू क्रिएटिव्ह, बेंगळुरू या नव्या नावाने हे कार्यालय तेथे ‘एजन्सी ऑफ द इयर’ ठरले. भारतातील एजन्सीला हा मान प्रथमच मिळाला.

३. एजन्सी आणि तिची माणसे

वेबचटणी १९९९मध्ये सुरू झाली. भारतात सामान्य ग्राहकाला इंटरनेट मिळू लागल्याला तेव्हा चारच वर्षे झाली होती, आणि टेलिफोनच्या तारेवरून रखडत येणाऱ्या पानासाठी जाहिरात करायची ही कल्पनाच नवी होती. अशा छोट्या एजन्सींमधून पुढे देशातला डिजिटल जाहिरातीचा व्यवसाय उभा राहिला. २०१३मध्ये जपानच्या देन्त्सू समूहाने वेबचटणीचा मोठा हिस्सा विकत घेतला. त्यामुळे ज्या मोहिमेचा आपण विचार करत आहोत ती छोट्या एजन्सीच्या वळणाची, पण मोठ्या समूहाच्या छत्राखाली झालेली आहे, हे ध्यानात ठेवावे.

अशा एजन्सीत काम कसे चालते? क्लायंटकडून ब्रीफ येते, म्हणजे काय हवे, कुणासाठी हवे, किती पैशांत आणि किती दिवसांत हवे याचा कागद. क्लायंट सर्व्हिसिंगची माणसे तो आत आणतात. कॉपीरायटर शब्द लिहितो, आर्ट डायरेक्टर दृश्य ठरवतो, तंत्रज्ञ ते फोनवर चालते करतो. छोट्या एजन्सीत या भिंती पातळ असतात. सकाळी मिठाईच्या दुकानाची पोस्ट लिहिणारी व्यक्ती दुपारी चित्रफितीची संहिता लिहिते आणि रात्री लोकांच्या तक्रारींना उत्तरे देते. या धावपळीत बहुतेक काम दिवसापुरते होते. त्यातूनच कधीतरी महिनोन्‌महिने रेंगाळणारे, कुणाला तरी मनापासून करावेसे वाटलेले काम निघते. ‘अनफिल्टर्ड’ त्या दुसऱ्या जातीचे आहे.

पुरस्कार मिळाला तेव्हा काय स्थिती होती हेही पाहण्याजोगे आहे. वेबचटणीचे मुख्य कार्यकारी गौतम रघुनाथ आणि मुख्य सर्जनशील अधिकारी पी. जी. आदित्य हे दोघे तोवर बाहेर पडून ‘टॅलेंटेड’ ही स्वतःची एजन्सी सुरू करून बसले होते. एजन्सीचे नावही बदलले होते. मान संस्थेला मिळाला. काम मात्र माणसांनी केले होते, आणि माणसे फिरती असतात.

४. कामाचे बळ

या मोहिमेचे पहिले बळ तिच्या जागेत आहे. म्युझियमवर टीका करणारे लेख, ग्रंथ, भाषणे पुष्कळ आहेत. पण ती म्युझियमच्या बाहेर वाचली जातात. हे काम थेट वस्तूसमोर, पाटीच्या शेजारी उभे राहते. संग्रहालयाच्या पाटीची भाषा आपण सर्वांनी वाचली आहे : दगड कोणता, शतक कोणते, कुणाकडून आली. वस्तू ‘संग्रहात आली’ असे म्हटले की ती जणू स्वतः चालत आली. कर्ता वाक्यातून निघून जातो. मोहिमेने तो गाळलेला कर्ता परत वाक्यात आणला. भाषेच्या विद्यार्थ्याने हे पहिल्यांदा टिपावे.

दुसरे बळ साधनात आहे. संग्रहालयात लोक एरवीही फोन काढतात, वस्तूचा फोटो घेतात, पुढे जातात. मोहिमेने त्यांच्या हातातली सवय तशीच ठेवली आणि तिच्यात अर्थ भरला. कशालाही हात लावला नाही, भिंतीवर काही चिकटवले नाही, घोषणा दिली नाही. फोन समोर धरून उभ्या असलेल्या माणसाला पहारेकरी काय म्हणणार?

तिसरे बळ आवाजाचे. वस्तूविषयी बोलण्याचा अधिकार तज्ज्ञ अभिरक्षकाकडून काढून तो वस्तूच्या मूळ प्रदेशातील माणसांना देणे, ही साधी गोष्ट नाही. श्राव्य विभागातही मोहिमेला ग्रां प्री मिळाले ते योग्यच झाले, कारण तिचा आत्मा चित्रापेक्षा आवाजात होता.

कल्पना मात्र पूर्णपणे नवी नव्हती. कला-इतिहासकार अ‍ॅलिस प्रॉक्टर यांनी २०१७पासून लंडनच्या संग्रहालयांत ‘अनकम्फर्टेबल आर्ट टूर्स’ नावाच्या सफरी चालवल्या. २०१८मध्ये ‘बीपी ऑर नॉट बीपी?’ या आंदोलक गटाने ब्रिटिश म्युझियममध्येच ‘चोरीच्या मालाची सफर’ घडवली. या सफरी माणूस नेत असे, त्यामुळे त्याला मध्येच थांबवून ‘हे कशावरून?’ असे विचारता येई. फिल्टरला ते विचारता येत नाही. पुरस्काराच्या व्यासपीठावर ‘जगात प्रथमच’ असे ऐकू आले की विद्यार्थ्याने आधी कोण होते हे शोधण्याची सवय लावून घ्यावी.

५. मर्यादा : दृश्याला ‘कदाचित’ म्हणता येत नाही

अमरावतीचे उदाहरण घेऊ. या शिल्पांना इंग्रजीत ‘मार्बल्स’ म्हणतात, पण तो संगमरवर नाही. पलनाडचा चुनखडीचा दगड आहे. अठराव्या शतकाच्या शेवटी वासिरेड्डी वेंकटाद्रि नायडू या स्थानिक जमीनदाराने तेथे नवे गाव वसवायला घेतले, तेव्हा बांधकामासाठी स्तूपाच्या टेकाडातले दगड उपसले गेले. १७९७मध्ये कॉलिन मॅकेंझी यांनी ते अवशेष पाहिले आणि पुढे पुन्हा येऊन त्यांची रेखाटने करून घेतली. १८४५मध्ये वॉल्टर एलियट यांनी उत्खनन करून शिल्पे मद्रासला हलवली. तेथे ती बराच काळ उघड्यावर पडून होती. १८५९मध्ये ती लंडनला गेली आणि इंडिया म्युझियम बंद झाल्यावर १८८०मध्ये ब्रिटिश म्युझियमकडे आली. उरलेल्यांपैकी मोठा भाग आज चेन्नईच्या शासकीय संग्रहालयात आहे.

ही हकिकत एका ‘चोरी’ या शब्दात मावते का? तिच्यात उपसणे आहे, रेखाटणे आहे, हलवणे आहे, टाकून देणे आहे आणि शेवटी जहाजावर चढवणे आहे. यातल्या प्रत्येक क्रियापदाचा कर्ता वेगळा. म्हणून लंडनची बाजू बळकट होते असे मुळीच नाही. कंपनी सरकारच्या सत्तेखाली रयतेला कुणी काही विचारले नव्हते. पण न्यायाची मागणी पक्की व्हायची असेल तर ती पूर्ण हकिकतीवर उभी राहिली पाहिजे. फोनच्या पडद्यावर क्षणभर टिकणाऱ्या दृश्याला एक खलनायक आणि एक कृती लागते. चार कर्ते त्याला पेलत नाहीत.

ऑस्ट्रेलियाच्या ढालीची गोष्ट आणखी बोलकी आहे. १७७० साली कॅप्टन कुकच्या माणसांनी बॉटनी बेच्या किनाऱ्यावर गोळीबार केला, तेव्हाची ही ढाल असे दीर्घकाळ मानले गेले. २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने यावर गंभीर शंका घेतली. ढालीचे लाकूड ज्या खारफुटीचे आहे ती त्या किनाऱ्यावर वाढत नाही. तिचा प्रदेश बराच उत्तरेला आहे. गोळीबार झाला हे खरे, ढाली नेल्या गेल्या हेही खरे. पण ‘हीच ती ढाल’ हे सिद्ध नाही. लेखात ‘कदाचित’ हा शब्द लिहिता येतो, आवाजात तो उच्चारता येतो. समोर रंगवलेल्या दृश्यात ‘कदाचित’ कसे दाखवणार? हा दोष एखाद्या एजन्सीचा नाही, तो माध्यमाचा आहे. म्हणूनच तो ओळखणे समीक्षकाचे काम ठरते.

आपल्याजवळचे उदाहरण पाहिले तर ही अडचण लगेच पटेल. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधील वाघनखे जुलै २०२४मध्ये साताऱ्याच्या संग्रहालयात आली. ती तीन वर्षांसाठी, उसनी आली आहेत. शिवाजी महाराजांनी वापरली ती हीच, असे सिद्ध करता येत नाही, हे त्या म्युझियमनेच सांगितले आहे. तरी बोलताना आपण सहज म्हणतो, वाघनखे परत आली. भावना खरी असते आणि तपशील तिच्या मागे पडतो. डिजिटल मोहीम भावनेच्या वेगाने चालते, म्हणून तिला तपशिलाची अधिक काळजी घ्यावी लागते.

६. मर्यादा : काम आणि कामाची चित्रफीत

कान्सच्या परीक्षकांपुढे येणारे बहुतेक काम ‘केस फिल्म’ या रूपात येते. केस फिल्म म्हणजे दोनेक मिनिटांची चित्रफीत : प्रश्न काय होता, आम्ही काय केले, जगाने कसे उचलून धरले. तिच्यात संगीत चढत जाते, वर्तमानपत्रांची कात्रणे झळकतात, शेवटी आकडे येतात. ती स्वतःच एक जाहिरात असते. तिचा माल म्हणजे एजन्सी.

आज वर्गात ‘अनफिल्टर्ड’ दाखवायची म्हटली तर हाती मुख्यतः असेच साहित्य लागते. पण प्रत्यक्ष काम म्हणजे गर्दीच्या दालनात उभे राहणे, फिल्टर उघडेपर्यंत थांबणे, मागच्या माणसाचा धक्का लागणे, मग कानात आलेला आवाज. तो अनुभव चित्रफितीत नाही. चित्रपटाची झलक पाहून चित्रपटाची समीक्षा करू नये, हे आपल्याला पटते. मोहिमांच्या बाबतीत मात्र आपण नेमके तेच करतो.

यातला धोका काल्पनिक नाही. जून २०२५मध्ये ब्राझीलच्या डीएम९ या एजन्सीला कान्सची ग्रां प्री परत करावी लागली, कारण केस फिल्ममधली काही दृश्ये बनावट असल्याचे उघड झाले. ‘अनफिल्टर्ड’वर असा कोणताही आरोप नाही. मुद्दा एवढाच की आपण जे पाहतो ते काम आहे की कामाचे वर्णन, हे प्रत्येक वेळी विचारावे.

७. मर्यादा : परकी जागा

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. मोहिमेचा म्युझियमवरचा आक्षेप असा : या वस्तू परक्याच्या घरात उभ्या आहेत, त्या दाखवायच्या की झाकायच्या हे घरमालक ठरवतो, आणि ज्यांच्या त्या आहेत त्यांना विचारले जात नाही.

मग मोहीम कुठे उभी होती? फिल्टर इन्स्टाग्रामवर होते. ते ज्या सोयीवर बनत ती मेटा कंपनीची होती. ऑगस्ट २०२४मध्ये कंपनीने जाहीर केले की बाहेरच्या लोकांनी बनवलेले फिल्टर बंद होतील, आणि १४ जानेवारी २०२५पासून ते बंद झाले. जगभरच्या असंख्य लहान कलाकारांचे काम एका दिवसात पडद्यावरून गेले. क्लायंटचेही तेच. व्हाइसने मे २०२३मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि फेब्रुवारी २०२४मध्ये आपल्या संकेतस्थळावर मजकूर प्रसिद्ध करणे थांबवत असल्याचे सांगितले.

म्हणजे ज्या म्युझियमला आव्हान दिले ते जागेवर आहे. त्याच्या ३३अ क्रमांकाच्या दालनात अमरावतीची शिल्पे आहेत, शेजारी पाट्या आहेत. आव्हान देणाऱ्या फिल्टरची जमीन मात्र पायाखालून गेली. १९६३चा ब्रिटिश म्युझियम कायदा संग्रहातील वस्तू सहजी बाहेर जाऊ देत नाही, याबद्दल आपण त्या संस्थेला नावे ठेवतो. ते बरोबरच आहे. पण जपणे ही गोष्ट तिने संस्था म्हणून गंभीरपणे घेतली आहे, हेही खरे. डिजिटल एजन्सीच्या व्यवहारात जपण्याचे खाते कुणाकडेच नसते. ब्रीफमध्ये ते नसते, बिलात नसते, पुरस्काराच्या अर्जातही नसते. वसाहतीच्या स्मृतीचा प्रश्न मांडणारे काम स्वतःच्या स्मृतीची सोय न करता उभे राहिले, ही त्याची सर्वात मोठी उणीव आहे.

८. नाव कुणाचे?

मालकीचा प्रश्न माणसांपर्यंतही येतो. तुमच्यापैकी अनेक जण उद्या एखाद्या छोट्या डिजिटल एजन्सीत कामाला लागतील, म्हणून हे माहीत असलेले बरे. कॉपीराइट कायदा, १९५७च्या कलम १७नुसार नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, सर्वसाधारणपणे नोकरी देणारा असतो. कलम ५७ मात्र वेगळी गोष्ट सांगते : मालकी दुसऱ्याकडे गेली तरी ‘हे मी केले’ असे सांगण्याचा कर्त्याचा हक्क उरतो.

व्यवहारात हा हक्क क्वचितच वापरला जातो. कादंबरीवर नाव असते, चित्रपटाच्या शेवटी नामावली असते. सणाच्या दिवशी लाखो लोकांनी पाहिलेल्या पोस्टखाली लिहिणाऱ्याचे नाव नसते. ज्याचे नाव नाही त्याच्याकडे चुकीचा जाबही मागता येत नाही आणि चांगल्याचे श्रेयही देता येत नाही. संग्रहालयाच्या पाटीवरून कर्ता गाळला जातो असे आपण चौथ्या भागात म्हटले. एजन्सीच्या कामातही तो तसाच गाळला जातो.

९. समारोप

‘द अनफिल्टर्ड हिस्टरी टूर’ हे महत्त्वाचे काम आहे. हातातल्या क्षुल्लक वाटणाऱ्या साधनाने मोठ्या संस्थेला तिच्याच दालनात प्रश्न विचारता येतो, हे बेंगळुरूच्या एका गटाने दाखवून दिले. त्याच्या मर्यादा तीन : दृश्य शंकेला जागा देत नाही, चित्रफीत कामाची जागा घेते, आणि काम परक्या जागेवर उभे राहते. पहिल्या मर्यादेवर उपाय आवाजाचा व मजकुराचा अधिक वापर हा आहे. दुसरीवर उपाय समीक्षकाची सावधगिरी. तिसरीवर उपाय तुम्हा-आम्हाला आजपासून करता येईल : जे काम कराल त्याची संहिता, चित्रे, आवाज, तारीख आणि करणाऱ्यांची नावे कंपनीच्या परवानगीने स्वतंत्रपणे जतन करा. अमरावतीचे दगड इतकी हलवाहलव सोसून टिकले, कारण ते दगड होते. आपले काम दगडात नाही, एवढे लक्षात ठेवावे.

स्वाध्याय

१. आपल्या गावाजवळच्या संग्रहालयातील एका वस्तूची पाटी उतरवून घ्या. तिच्यातील वाक्यांत कर्ता कुठे आहे व कुठे गाळला आहे ते दाखवा. तीच पाटी आपल्या मातृभाषेत कर्त्यासह पुन्हा लिहा.

२. माणसाने नेलेली सफर आणि फिल्टरने घडवलेली सफर यांतील फरक तीन मुद्द्यांत स्पष्ट करा.

३. ‘डिजिटल मोहिमेत शंका दाखवता येत नाही’ या विधानाशी आपण सहमत आहात का? शंका दाखवणारा एखादा मार्ग सुचवा.

४. आपल्या भागातील एका छोट्या एजन्सीची कोणतीही एक मोहीम निवडा. ती कोणी केली, कोणाच्या जागेवर उभी आहे आणि पाच वर्षांनी ती कुठे सापडेल, या तीन प्रश्नांच्या आधारे ३०० शब्दांत समीक्षा लिहा.